कंपाउंडच्या भिंतीवरून विश्वकोश

"ताई, ऐकलंत का काल रात्री? आमचे अण्णा आणि पलीकडचे मास्तर. साडेदहापर्यंत जुंपली होती."

ऐकलं होतं. मिरजेतल्या आमच्या कॉलनीत दोन बंगल्यांमधली भिंत जेमतेम खांद्याला लागते, त्यामुळे न ऐकण्याची सोयच नाही. वहिनी कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं भिंतीशी आल्या होत्या. झाड माझं, फांद्या त्यांच्या अंगणात. त्यावरून आमच्यात कधीच तह झालेला आहे.

"कशावरून?"

"गीतरामायणावरून! मास्तर म्हणे, रेडिओवर सगळीच्या सगळी गाणी बाबूजींनी गायली. अण्णा म्हणाले, अहो, मी तेव्हा शेजारच्या वाड्यात जाऊन रेडिओला कान लावून बसायचो, बायकांचेही आवाज होते त्यात. पण मास्तर ऐकतील तर शपथ. त्यांच्याकडं कॅसेटचा संच आहे, त्यात बाबूजींचाच आवाज. झालं, संपलं!"

"मग निकाल कोणी लावला?"

"मी!" वहिनींनी मूठभर कढीपत्ता ओट्यात टाकला. "'आठवणीतली गाणी' उघडलं आणि फोन धरला मास्तरांच्या नाकासमोर."

ही साइट माहीत नसलेला मराठी रसिक विरळाच, पण बहुतेक जण गाण्याचे शब्द तेवढे बघतात आणि निघून येतात. खरा माल शब्दांच्या खाली असतो. गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा, नाटकातलं की चित्रपटातलं, राग कुठला, अवघड शब्दांचे अर्थ काय. गीतरामायणाच्या गाण्यांखाली तर पहिलं प्रसारण कोणत्या तारखेला झालं आणि तेव्हा आकाशवाणीवर ते कोणी गायलं, याचीही नोंद आहे. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, हा कार्यक्रम सुरू झाला. दर आठवड्याला एक गाणं. वर्षाची बावन्नच व्हायची, पण मध्ये अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक, लताबाई असे कितीतरी आवाज त्यात होते. पुढं बाबूजींनी गावोगाव कार्यक्रम केले, ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि छप्पन्नच्या छप्पन्न गाणी लोकांच्या कानात त्यांच्याच आवाजात बसली. मास्तरांचा संच त्यानंतरचा.

"मग काय म्हणाले मास्तर?"

"म्हणाले, 'इंटरनेटवर लोक काहीही लिहितात.' आणि चहा न घेताच गेले."

आता हेच मास्तर रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर पुलंच्या नावानं कविता टाकतात. पुलंनी आयुष्यात लिहिल्या नसतील इतक्या कविता मास्तरांच्या फोनमध्ये आहेत. तेव्हा काहीही लिहितात हे खरंच, पण कुठं आणि कोण, हे बघायला नको का? माझं म्हणणं इतकंच, आणि ते मी वहिनींना भिंतीवरून ऐकवलंही: फोन आपणहून जे पुढ्यात आणून टाकतो ते एक, आणि आपण पत्ता शोधत जाऊन जे बघतो ते दुसरं. या दुसऱ्या जातीच्या साइट कोणीतरी जिवापाड राबून, बहुतेक वेळा पदरमोड करून उभ्या केलेल्या असतात. त्या आपली वाट अडवत नाहीत, घंटा वाजवून बोलावत नाहीत, म्हणून त्या आहेत हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

"तुमचं भाषण झालं की सांगा," वहिनी म्हणाल्या. "मला अण्णांचं अजून सांगायचंय."

अण्णांनी उभी हयात सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांच्या दुकानात हिशेब लिहिण्यात घालवली. मिरजेचा तंबोरा कुठं कुठं जातो याची यादी त्यांना पाठ, आणि भोपळा नुसता वाजवून बघून तो कसा निघेल हे सांगणार. त्यांचं दैवत अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला निघालेले असताना वाटेत वारले आणि इथं मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले; दरवर्षी तिथं त्यांच्या नावानं गाणं होतं, आणि अण्णा पहिल्या रांगेत. ऐंशीच्या घरातल्या या माणसाला नातवानं जुना टॅब दिला आणि त्यावर 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' उघडून दिलं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या गोळा करून, त्यांचा आवाज उतरवून घेऊन फुकट ऐकायला ठेवलेली ही साइट. बेंगळुरूच्या विक्रम संपत यांनी गौहर जान यांचं चरित्र लिहिलं आणि त्या नादातून हे काम उभं राहिलं.

"पहिल्या दिवशी अण्णा जेवायला उठेनात," वहिनी म्हणाल्या. "झिंझोटी लावली होती. मी म्हटलं, अण्णा, खरखर किती आहे हो. तर म्हणतात, सूनबाई, खरखर तबकडीची आहे, गळ्याची नाही."

तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या माणसानं तेवढ्यात काय करायचं? काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा या गवयांचा निवाडा ऐकण्यासारखा आहे. पूर्ण मैफल यूट्यूबवर ऐकली तरी तो निवाडा तिथं कळत नाही. गौहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणं १९०२ साली कलकत्त्यात झाली. गाणं संपलं की त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावं म्हणून ती घोषणा. अण्णांच्या टॅबमधून ती बारीक आवाजातली घोषणा आली की आमचं मांजर कान टवकारतं.

अण्णांचा दुसरा अड्डा म्हणजे राजन पर्रीकरांचा संग्रह. पर्रीकर मूळचे गोव्याचे. एकेक राग घ्यायचा, त्याची चाल, त्याच्या शेजारच्या रागांपासून तो कुठं फुटतो, हे सांगायचं आणि प्रत्येक मुद्द्याला जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा जोडायचा, असा तिथला रिवाज. अलाहाबादच्या पंडित रामाश्रेय झा यांनी स्वतः गाऊन केलेली उकलही जागोजाग ऐकायला मिळते. लेख इंग्रजीत आहेत, भीडभाड न ठेवता लिहिलेले. नातू वाचून मराठीत सांगतो आणि अण्णा मध्येच थांबवून "चूक" किंवा "बरोबर" म्हणतात. मला विचाराल तर रागसंगीतावर इतकं नेटकं काम मराठीत आंतरजालावर नाही, आणि याची आपल्याला लाज वाटायला हवी. ज्या भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत लिहिले, त्यांचे आपण वारस.

एवढ्यात समोरच्या मावशी दळणाचा डबा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. मावशींना गाण्यात रस नाही, त्यांना रेडिओ हवा असतो. त्यांच्या लेकीनं त्यांना 'रेडिओ गार्डन' लावून दिलंय. हॉलंडची साइट. पडद्यावर पृथ्वीचा गोळा येतो, त्यावर हिरवे ठिपके. बोटानं गोळा फिरवायचा आणि ठिपक्यावर थांबलं की त्या गावचा रेडिओ सुरू. मावशी रात्री झोप आली नाही की लिस्बन नाहीतर कैरो लावतात. भाषा कळत नाही, पण "तिथंही जाहिराती आपल्यासारख्याच ओरडून करतात," असा त्यांचा अनुभव. आकाशवाणीची केंद्रं ऐकायची तर प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' बरं. मावशींनी हे सांगितलं आणि गिरणी बंद होईल म्हणून लगबगीनं गेल्या.

"बरं, आता माझं काम," वहिनी म्हणाल्या. "आमच्या पिंकीची एमपीएससी. क्लासवाल्यांच्या नोट्समध्ये एक, पुस्तकात दुसरं. तुम्ही मागं विश्वकोशाचं काहीतरी म्हणाला होता."

म्हणाले होते, आणि अजून म्हणेन. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जे उभं केलं, ते आज वीसच्या वीस खंड फुकट वाचायला मिळतं, आणि आपण सहाशे रुपयांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढतो! पहिला खंड १९७६ चा. त्याच्या आधी, १९७३ ला, परिभाषेचा खंड निघाला, कारण मराठीत विज्ञान लिहायचं तर शब्द काय वापरायचे हे आधी ठरायला हवं होतं. नोंद वाचून झाली की खाली लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं असतात. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. कोणी लिहिलं, ते खाली सही करून सांगतो. चुकलं तर कोणाला धरायचं ते कळतं.

पण वहिनींना मी बजावलंही. विश्वकोश घ्यायचा तो न बदलणाऱ्या गोष्टींसाठी. ज्वालामुखी कसा होतो, मोडी लिपी कशी होती, हळदीचं पीक कसं घेतात, भारूड म्हणजे काय. आकडे मात्र तिथून उचलायचे नाहीत. सुरुवातीच्या खंडांत लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. पिंकीनं ती पेपरात लिहिली तर संपलंच. विश्वकोश मंडळानं आता विषयवार ज्ञानमंडळं करून नव्या नोंदी लिहायला घेतल्या आहेत, त्याही बघाव्यात. लहान मुलांसाठी कुमार विश्वकोश वेगळा आहे.

"आणि विकिपीडिया?"

"मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, बरंच साठलंय तिथं. पण सरसकट नाही. काही लेख असे की वाचत राहावं, आणि काही गावांवरचे लेख असे की गावाचं नाव, तालुक्याचं नाव, संपलं. खाली संदर्भ दिलेत का ते बघायचं. नसतील तर पुढं जायचं."

शब्दकोशांची गोष्ट तर गमतीची आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, साठेक हजार शब्दांची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला, १९५० ला पुरवणी. हे दोन्ही, शिवाय वझ्यांचा शालेय कोश, फलटणच्या मॅक्सीन बर्नसनबाईंचा कोश, तुळपुळे आणि फेल्डहाउसबाईंचा जुन्या मराठीचा कोश, असे सगळे एका जागी शोधता येतात ते शिकागो विद्यापीठाच्या संगणकावर! देवनागरीत शब्द टाकला की पुरतं. म्हणजे पिंकीची आजी स्वयंपाकघरात एखादा शब्द बोलणार आणि त्याचा अर्थ बघायला आपण अमेरिकेत जाणार. मराठी माणसांनीच चालवलेला 'बृहद्कोश' आहे, तिथं पुष्कळ कोश एकत्र चाळता येतात. मला तो हाताळायला जास्त सोपा वाटतो. सरकारी परिभाषा हवी असेल तर भाषा संचालनालयाचे कोश. त्यातले काही शब्द कार्यालयाबाहेर कोणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही, पण एमपीएससीला तेच लागतात.

वहिनींचं माहेर तासगावचं. मी त्यांना जुनी गॅझेटिअरं दाखवली तेव्हा त्या संध्याकाळी भाजी करपली होती. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्याची ही जाडजूड पुस्तकं निघाली. आता महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागानं ती आंतरजालावर ठेवली आहेत. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं सांगली झालं. म्हणून तासगाव शोधायचं ते साताऱ्याच्या १८८५ च्या खंडात. पीकपाणी, बाजाराचे वार, कोणत्या जातीचे लोक काय नेसतात, काय खातात, देवळं, रस्ते, दुष्काळ, सगळं मांडलेलं. साहेबाची नजर साहेबाचीच असते, जातींबद्दल तो जे बेधडक लिहून जातो ते वाचून काही ठिकाणी डोकं फिरतं. तरी बाजारभाव आणि रस्त्यांबाबत त्याच्याइतकं बारीक दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं मला तरी आढळलेलं नाही.

"तासगावच्या गणपतीचं गोपूर होतं त्यात," वहिनी म्हणाल्या. "मी आईला फोन करून वाचून दाखवलं. आई म्हणाली, हे काय नवीन, आम्हाला ठाऊक आहे!"

मग वाचनाचा विषय निघाला आणि वहिनींनी आवाज खाली आणला. म्हणजे आता खरी बातमी.

"ताई, कोणाला सांगू नका. मास्तरांनी महिला मंडळाच्या ग्रुपवर शंभर-सव्वाशे पुस्तकांच्या पीडीएफ टाकल्या. गेल्या दिवाळीत आलेल्या कादंबऱ्यासुद्धा! सगळ्या बायका 'धन्यवाद सर' आणि फुलांचे गुच्छ पाठवतायत."

मला राग आला. ज्यानं दोन वर्षं खपून कादंबरी लिहिली त्याच्या ताटातलं उचलून हे वाटणार, आणि वर वाचनसंस्कृतीची सेवा म्हणवणार. मास्तरांना काही म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर: "पुस्तक काय, ज्ञान आहे, ज्ञान मुक्त हवं." मुक्त हवं ना? मग मुक्त असलेलंच इतकं पडलंय की दोन जन्म पुरणार नाहीत. आपल्या कायद्यानं लेखक गेला त्या वर्षानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापावीत, कोणीही वाटावीत. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले. ते २०३७ उजाडल्यावर. पुलं २००० साली गेले, म्हणजे २०६१. तोवर पुलं विकत घ्यायचे किंवा वाचनालयातून आणायचे, फुकट वाटायचे नाहीत. (त्यांच्या नावावर खपवलेल्या कवितांना कोणता कायदा लागतो, ते मास्तरांनाच विचारावं.)

"मग फुकटात चांगलं काय आहे, ते सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "मंडळाच्या बायकांना मी तेच पाठवते."

घ्या! महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशनं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत, अधिकृत. त्यांची मुखपृष्ठं बघून कोणी हात लावत नाही, पण आत सोनं आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं लेखन त्यांच्या नावाच्या साइटवर एकत्र केलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे शासनानं काढलेले इंग्रजी खंड उतरवून घेता येतात. ओव्या, अभंग, आरत्या, स्तोत्रं हवी असतील तर 'ट्रान्सलिटरल'. पूर्वी ते खापरे डॉट ऑर्ग म्हणून लोकांना माहीत होतं. श्रावणात आमच्या गल्लीत निम्म्या कहाण्या तिथूनच वाचल्या जातात.

पण वहिनींना खरा झटका बसला तो 'किशोर'नं. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ ला सुरू झालं आणि त्याचे तेव्हापासूनचे जुने अंक आता आंतरजालावर बघायला मिळतात, पानापानांसकट, चित्रांसकट. मी भिंतीवर फोन ठेवला आणि त्यांच्या चौथीच्या वर्षाचा दिवाळी अंक उघडून दिला. वहिनी पानं सरकवत राहिल्या. कोडी, व्यंगचित्रं, कुठल्या तरी गावच्या मुलाची कविता. त्या काळचे मोठे मोठे लेखक आणि चित्रकार पोरांसाठी मन लावून काम करत होते हे त्या पानांवर दिसतं. बालभारतीनं जुनी पाठ्यपुस्तकंही अशीच ठेवली आहेत. तुमची मराठी तिसरीची असेल ती शोधा. धड्याचं नाव विसरला असाल, पण चित्र बघितल्यावर शेजारी कोण बसायचं तेसुद्धा आठवेल.

नातवंडांसाठी दोन पत्ते मी वहिनींना लिहून दिले. एक 'स्टोरीवीव्हर', प्रथम बुक्सचं: चित्रांच्या गोष्टी, मुलाला कितपत वाचता येतं त्यानुसार पायऱ्या केलेल्या, मराठीसकट कितीतरी भाषांत, फुकट. दुसरा अरविंद गुप्तांचा. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा माणूस. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली; २०१८ ला पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर त्रिकोण-चौकोन-घन. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन्ही तोंडांनी काड्या घुसवायच्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. पूल त्रिकोणांचे का बांधतात, हे पोराला तोंडानं सांगावं लागत नाही. खेळण्यांचे व्हिडिओ आहेत आणि मराठी, हिंदी, इंग्रजीतली मुलांची, शिक्षणावरची हजारो पुस्तकं आहेत. वहिनींच्या नातवानं घरातल्या तीन काडेपेट्या संपवल्या, म्हणून वहिनी माझ्यावर दोन दिवस नाराज होत्या.

जुनं, दुर्मीळ काही हवं असेल तर शेवटी सगळे रस्ते 'इंटरनेट आर्काइव्ह'कडे जातात. ब्रूस्टर केल या गृहस्थानं १९९६ ला सुरू केलेलं हे प्रचंड ग्रंथालय. सॅन फ्रान्सिस्कोत एक जुनं चर्च विकत घेऊन त्यात त्यांचं बस्तान आहे, आणि वहिनींना सगळ्यात आवडलेली बातमी ही की तिथं तीन वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा मातीचा छोटा पुतळा करून चर्चच्या बाकांशेजारी उभा करतात.

"काय सांगता! जिवंतपणी?"

"जिवंतपणीच."

"आमच्या यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही मागं पडतं."

भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं स्कॅन केलेली लाखो पुस्तकं तिथं येऊन पडली आहेत, त्यात मराठीही रग्गड. अडचण एकच: नावं रोमन लिपीत आणि अशी काही लिहिलेली की लेखकालाही आपलं पुस्तक ओळखता येऊ नये. स्वर दुप्पट, व्यंजनांवर अवतरणचिन्हं, मध्येच आडनाव आधी. म्हणून एकाच पुस्तकाला चार प्रकारे शोधावं लागतं. लेखकाच्या नावानं, मग नुसत्या आडनावानं, मग विषयानं. सापडलं की उतरवून घ्यावं. २०२४ च्या ऑक्टोबरात या साइटवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस सगळंच बंद पडलं, तेव्हा माझ्यासारख्यांचे हात बांधल्यासारखे झाले होते. फुकट आहे म्हणजे कायम आहे, असं नव्हे.

आणि परदेशातल्या पोरांचं विचाराल, तर 'मायबोली' आहेच. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतल्या मराठी माणसानं सुरू केलेली. फेसबुक नव्हतं, युनिकोडची सोय नव्हती, तेव्हा लोक रोमन अक्षरांत पुरणपोळीची कृती विचारायचे. तिथले जुने गणेशोत्सवाचे आणि दिवाळीचे अंक अजून वाचनीय आहेत. नव्याबद्दल मी बोलणार नाही. वहिनींची जाऊ तिथं लिहिते.

वहिनी आत जायला वळल्या, कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "एवढं सगळं फुकट म्हणजे कोणीतरी कुठंतरी राबत असणार की हो."

राबतंच. आणि त्यात आपल्यालाही हात घालता येतो, म्हणून वाचकहो, तुम्हालाच सांगते. मराठी 'विकिस्रोत' नावाची साइट आहे. कायद्यानं मोकळी झालेली पुस्तकं तिथं अक्षरं करून ठेवतात, म्हणजे त्यात शोधता येतं आणि फोनवर नीट वाचता येतं. पान उघडलं की एका बाजूला जुन्या पुस्तकाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर. यंत्र भ चा म करतं, घ चा ध करतं, ख फोडून रव करतं, रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवतं. ते आपण डोळ्यांनी ताडून सुधारायचं. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासलं की हिरवं. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. निवृत्त शिक्षक, बँकवाले, मुद्रितशोधन केलेले, ज्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बघून अंगावर काटा येतो असे सगळे तिथं हवे आहेत. मास्तरांनाही मी लिंक पाठवली आहे. लाल पानं ढिगानं पडून आहेत. जेवणानंतर एक तरी पिवळं करा, आणि ते हिरवं करायला शेजारच्यांना सांगा, कारण आपणच तपासलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही.